अन्ननलिकेतली जन्मजात गाठ आणि दुर्बिणीतून झालेलं ऑपरेशन: आमचा अनुभव, तुमचेही सांगा

शेवंती | रविवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. हा धागा काढायला मला सात महिने लागले. मिस्टरांच्या तपासण्या चालू होत्या तेव्हा मी रात्र रात्र मोबाइलवर मराठीत काही वाचायला मिळतंय का ते शोधत होते. हाती काही लागलं नाही. तशीच कुणीतरी आजही शोधत असेल, म्हणून सगळं क्रमाने लिहितेय. लांबेल, पण लिहू द्या.

माझे मिस्टर ३९ वर्षांचे, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. आम्ही सांगली जिल्ह्यात तालुक्याच्या गावी राहतो. सुपारीचंसुद्धा व्यसन नाही. भाकरीचा घास की लगेच पाण्याचा घोट, ही त्यांची पद्धत मी लग्न झाल्यापासून बघत आलेय. सासूबाई म्हणायच्या, लहानपणापासून असाच जेवतो, पंगतीत शेवटी उठणारा. दोन वर्षांपूर्वी मात्र भाकरी खरोखर अडकायला लागली. छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या टोकावर बोट ठेवून म्हणायचे, "इथं येऊन थांबते." मग चपाती. मग चपातीही दुधात कुस्करून. पुढे रात्री आडवं झालं की कोरडा खोकला आणि पाठीत, दोन्ही खांद्यांच्या मध्ये, दुखणं. सव्वा वर्ष आम्ही ॲसिडिटीच्याच गोळ्या खाल्ल्या.

मग एंडोस्कोपी झाली. दातांपासून ३३ सेंटीमीटरवर अन्ननलिकेच्या भिंतीला बाहेरून कुणी मूठ लावावी तसा फुगवटा होता, पण वरचं अस्तर अगदी गुळगुळीत. तिथल्या डॉक्टरांनी "आलोच आहोत तर" म्हणून त्या फुगवट्यावरून सहा तुकडे काढून तपासणीला पाठवले. रिपोर्ट नॉर्मल आला. आम्ही देवाला नारळ फोडून घरी आलो. घास मात्र अडकतच राहिला.

पुढचा सीटी स्कॅन. त्यात ५.२ बाय ४.१ सेंटीमीटरची गाठ, अन्ननलिकेला चिकटून, उजव्या अंगाला, हृदयाच्या मागे. रिपोर्टात शब्द होता "घन ट्यूमर असण्याची शक्यता". तो कागद हातात घेऊन मी दवाखान्याच्या जिन्यात बसले होते. मुलगी तेव्हा चौथीत. त्या दिवशी मी मनातल्या मनात कुठवर जाऊन आले ते इथे लिहीत नाही.

पुण्याला गेलो. तिथे एंडोस्कोपीच्याच नळीच्या टोकाला सोनोग्राफी लावून आतून तपासणी केली. तिला ईयूएस म्हणतात. नंतर डॉक्टरांनी आम्हाला पडद्याजवळ बोलावून एकेक थर बोटाने दाखवला. हे आतलं अस्तर, ही त्याखालची पांढरी रेघ, हा स्नायूचा काळा थर. आणि त्या स्नायूच्या थरातच एक मोठा काळा गोल, आत भुकटीसारखं काहीतरी तरंगतंय. म्हणाले, "घन गाठ नाही ही, पिशवी आहे. आत घट्ट चिकट पाणी आहे, म्हणून सीटीला घन वाटली. तुमचे मिस्टर आईच्या पोटात दीड-दोन महिन्यांचे असतील तेव्हापासूनची आहे." मग विचारलं, "याआधी कुणी तुकडा काढलाय का?" मी हो म्हटलं. ते काही क्षण बोलले नाहीत.

त्यांनी जे समजावलं ते माझ्या भाषेत सांगते. स्वेटरच्या आत अस्तराचं कापड असतं आणि दोन्हींच्या मध्ये लिंबू ठेवलंय असं समजा. सर्जन बाहेरून लोकर सोडवतो, लिंबू अलगद काढून घेतो, लोकर परत विणतो. आतल्या कापडाला हात लागत नाही, म्हणून अन्न गळायचा प्रश्न येत नाही. पण आधीच कुणी आतून कापडाला चिमटे काढले असतील तर ते भरून येताना लिंबाच्या सालीला चिकटून बसतं. मग सोडवताना फाटायची भीती.

ऑपरेशन तीन तास चाललं. उजव्या बाजूला चार छोटी भोकं, मिस्टरांना पालथं झोपवून. आणि व्हायचं तेच झालं. गाठ सगळीकडून सुटली, फक्त तुकडे काढलेल्या जागी अस्तराला चिकटली होती. तिथे अस्तर जवळजवळ एक सेंटीमीटर उघडलं. सर्जननी ते तिथल्या तिथे आतून टाके घालून शिवलं. एंडोस्कोपीची नळी आधीपासून आत ठेवलेली होतीच, तिच्यातून हवा सोडली, छातीत सलाइन भरून बुडबुडे येतात का पाहिलं. आले नाहीत. मग स्नायूचा थर वरून शिवून घेतला. बाहेर येऊन त्यांनी हे सगळं आम्हाला न लपवता सांगितलं, याबद्दल मी त्यांची आयुष्यभर ऋणी आहे.

त्या एका सेंटीमीटरपायी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मिळणारी पेज सहाव्या दिवसावर गेली. नाकातून नळी, छातीतून नळी, ती पलंगाखालच्या बाटलीत. पहिल्या दिवशी खोकलं की बाटलीत बुडबुडे यायचे आणि प्रत्येक बुडबुड्याला माझा जीव वरखाली व्हायचा. सिस्टरांनी समजावलं की छातीत उरलेली हवा निघतेय, निघू दे. सहाव्या दिवशी औषध गिळायला देऊन एक्स-रे काढले. कुठेही गळती नाही. दुपारी मी त्यांना तांदळाच्या पेजेचे चार चमचे भरवले. चौथ्या चमच्याला म्हणाले, "थांबली नाही गं कुठं."

गाठीचा रिपोर्ट आठवड्याने आला. साधी, जन्मजात, कॅन्सर नाही.

मला एकच सांगायचंय. अन्ननलिकेत गुळगुळीत अस्तराखाली फुगवटा दिसला, तर तो कुठल्या थरात आहे हे कळल्याशिवाय त्याचा तुकडा काढू देऊ नका. विचारा, थांबा, ईयूएस करा. आमचं निभावलं. सगळ्यांचं निभावेलच असं नाही.

आंबेमोहर | रविवार, रात्री १०.१५

शेवंतीताई, वाचताना पोटात गोळा आला. मिस्टर आता कसे आहेत? भाकरी खातात का?

शेवंती | रविवार, रात्री १०.२२

हो, खातात. पहिले पंधरा दिवस पेज, ताक, मुगाचं पातळ वरण, नाचणीची आंबील. मग मऊ भात, उपमा, तूप लावून मऊ केलेली चपाती. सहाव्या आठवड्यात भाकरी. तांब्या अजून शेजारी असतो, सवयीने. पण हात त्याकडे जात नाही.

दुर्बीण | सोमवार, सकाळी ६.५०

मी सर्जन आहे, पोट आणि छातीच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रिया करतो. इथे एकाही पेशंटची तपासणी न करता लिहितोय, त्यामुळे हा सल्ला समजू नये, माहिती समजावी.

ताईंनी दिलेलं स्वेटरचं उदाहरण मी उद्यापासून पेशंटना देणार आहे. या गाठीला आम्ही ड्युप्लिकेशन सिस्ट म्हणतो, म्हणजे अन्ननलिकेचीच एक अर्धवट, बंद राहिलेली जोडप्रत. गर्भाच्या पाचव्या ते आठव्या आठवड्यात अन्ननलिकेची पोकळी आतल्या पेशींनी जवळजवळ भरून जाते आणि मग त्यात छोट्या छोट्या पोकळ्या पडून, त्या एकमेकींना मिळून पुन्हा मोकळी वाट तयार होते. एखादी पोकळी मुख्य वाटेला मिळालीच नाही तर ती भिंतीतच पिशवी होऊन राहते. तिलाही स्वतःचं अस्तर असतं, ते थोडं थोडं पाझरत राहतं, पण निचऱ्याला जागा नाही. म्हणून ती वर्षानुवर्षं हळूहळू फुगते आणि कधी कधी थेट पस्तिशी-चाळिशीत घास अडवते. बहुतेकांच्या बाबतीत निदान लहानपणीच होतं. मोठेपणी सापडतात त्या बऱ्याचदा भलत्याच कारणासाठी केलेल्या स्कॅनमध्ये.

किती दुर्मीळ? शवविच्छेदनांच्या नोंदींवरून सांगितला जाणारा आकडा आहे साधारण ८,२०० मध्ये एक. सुमारे ६० टक्के गाठी अन्ननलिकेच्या खालच्या तिसऱ्या भागात असतात, आणि तिथे बहुधा उजवीकडे. ताईंच्या मिस्टरांची जागा अगदी पुस्तकातली.

नक्की ही तीच गाठ, हे ठरवायला तीन गोष्टी बघतात. ती अन्ननलिकेच्या भिंतीला जोडलेली हवी, तिच्याभोवती स्नायूचे दोन थर हवेत, आणि आतलं अस्तर अन्ननलिकेचं किंवा गर्भातल्या त्याच मूळ नळीतून घडणाऱ्या अवयवांचं हवं. भिंतीत कूर्चा, म्हणजे कानाच्या वरच्या, ताठ भागात असते तसली, सापडली तर ती श्वासनलिकेच्या बाजूची सिस्ट ठरते. दोघी सख्ख्या बहिणी, एकाच नळीच्या.

आता तुकड्याबद्दल. ताईंचं म्हणणं गुळगुळीत अस्तराखालच्या फुगवट्यापुरतं बरोबर आहे. शिवाय अशा ठिकाणी चिमट्याने वरवरचं अस्तरच हाती येतं, खालची गाठ येतच नाही, त्यामुळे रिपोर्ट नॉर्मल आला तरी त्याने काही सिद्ध होत नाही. पण कृपा करून कुणी याचा अर्थ "एंडोस्कोपीत बायोप्सी करू देऊ नये" असा घेऊ नका. अस्तरावर जखम असेल, खरबरीत असेल, रक्त येत असेल, तर तुकडा काढलाच पाहिजे आणि लगेच काढला पाहिजे. तिथे उशीर करणं जिवावर बेतू शकतं.

सह्यवारा | सोमवार, सकाळी ११.३०

डॉक्टर, शेवंतीताई, मी याच वाटेवर आहे. वय ४६, नाशिक. पोटाच्या सीटीत सहज सापडली, ३ सेंटीमीटर, अन्ननलिका जिथे पोटात उतरते त्याच्या जरा वर. त्रास काहीच नाही. एक म्हणतात काढा, दुसरे म्हणतात सुईने पाणी ओढून बघू, तिसरे म्हणतात वर्षाने या. मी नक्की कुणाचं ऐकू? बायको रोज विचारते आणि माझ्याकडे उत्तर नसतं.

दुर्बीण | सोमवार, रात्री ९.०५

सह्यवारा, तिघांपैकी कुणीही तुम्हाला फसवत नाही. त्रास देणारी गाठ काढावी यावर फारसा वाद नाही. न दुखणाऱ्या छोट्या गाठीबद्दल सर्जन लोकांतच दोन मतं आहेत.

काढा म्हणणाऱ्यांची कारणं: गाठ वाढू शकते, पिकू शकते, आत रक्तस्राव होऊ शकतो, क्वचित फुटू शकते. काही गाठींच्या आत जठराचं अस्तर सापडतं, ते आम्ल तयार करतं आणि गाठीची भिंत आतूनच खातं. कॅन्सर झाल्याच्या नोंदी आहेत, पण हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. पिकलेली, चिकटलेली गाठ काढणं हे शांत गाठ काढण्यापेक्षा कितीतरी अवघड, म्हणून तब्येत चांगली असताना उरकून घ्या, असा त्यांचा युक्तिवाद. मी स्वतः तुमच्या वयाच्या, धडधाकट माणसाला बहुधा हाच सल्ला देतो. सत्तरीच्या, हृदयाचा त्रास असलेल्या माणसाला लक्ष ठेवा म्हणतो.

सुईबद्दल मात्र मी ठाम आहे. ईयूएसवर आणि एमआरआयवर स्पष्ट पाण्याची पिशवी दिसत असेल तर सुई घालू नये. आतलं पाणी निर्जंतुक असतं, सुई तोंडातल्या जंतूंसकट अन्ननलिकेतून जाते. गाठ पिकली की प्रकरण थेट छातीच्या मध्यभागी पसरतं. आणि पाणी ओढून फायदा काय? पाझरणारं अस्तर तिथेच आहे, पिशवी परत भरते. गाठ घन की पाण्याची हे सगळ्या तपासण्या करूनही कळत नसेल तेव्हाच सुईचा विचार, तोही अँटिबायोटिक देऊन.

तुमची गाठ इतकी खाली असेल तर कदाचित छातीत शिरावंही लागणार नाही. पोटातून, लॅप्रोस्कोपीने, छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याच्या भोकातून वर जाऊन ती काढता येते. मग छातीत नळी सहसा लागत नाही. हा प्रश्न तुमच्या सर्जनना जरूर विचारा.

मेंढवाडा | मंगळवार, सकाळी ८.१०

सुईवरून आठवलं म्हणून लिहितो. आमचं गाव अहिल्यानगर जिल्ह्यात, घरात पिढ्यानपिढ्या मेंढरं. चुलत्यांच्या फुप्फुसात पाण्याची गाठ निघाली होती, ती हायडॅटिड निघाली. कुत्र्यांच्या विष्ठेतून येणाऱ्या जंताची. आम्हाला तेव्हा बजावलं होतं की हिला सुई लावायची नाही, आतलं पाणी सांडलं तर अंगावर जबर रिॲक्शन येते आणि गाठी पसरतात. मेंढ्या-कुत्र्यांत वावरणाऱ्या माणसाला छातीत पाण्याची गाठ निघाली तर डॉक्टरांना ते आपणहून सांगावं. शहरातले डॉक्टर विचारतीलच असं नाही.

दुर्बीण | मंगळवार, सकाळी ८.४०

मेंढवाडा, फार मोलाचं लिहिलंत. अन्ननलिकेच्या भिंतीत हायडॅटिड फारच विरळा, पण आपल्याकडे ही शंका मनात ठेवावीच लागते. तशीच टीबीची. छातीच्या मध्यभागी टीबीच्या गाठी सडून आत पू झाला की स्कॅनवर हुबेहूब सिस्ट वाटू शकतात.

जुनी_चाळ | मंगळवार, दुपारी ३.२५

माझं वय ६८. माझीही अशीच गाठ, श्वासनलिकेच्या बाजूची, १९८६ मध्ये मुंबईत काढली. तेव्हा दुर्बीण नव्हती. काखेखालून पाठीपर्यंत कापलं, दोन बरगड्यांच्या मध्ये लोखंडी चिमटा घालून त्या फाकवल्या. गाठ गेली, जीव वाचला, डॉक्टरांना दोष नाही. पण त्या बरगडीच्या रेषेत आजही, थंडी पडली की, ब्लाउजचा कपडा लागलेला सहन होत नाही. उजवा हात डोक्यावर न्यायला मला चार महिने लागले. केस विंचरून द्यायला आई गावाहून येऊन राहिली होती.

शेवंती, तुझ्या मिस्टरांचा हात किती दिवसांत वर गेला?

शेवंती | मंगळवार, रात्री ८.५०

काकू, तुमचं वाचून डोळे भरले. ह्यांनी दुसऱ्या दिवशी दोन्ही हात वर करून सदरा घातला. दुखलं, पण घातला. सर्वांत मोठं भोक माझ्या अंगठ्याच्या नखाएवढं, त्यातूनच गाठ एका पिशवीत घालून बाहेर काढली. दीड महिन्याने शाळेत हजर झाले.

भूलतज्ज्ञ | मंगळवार, रात्री ११.१०

काकूंनी सांगितलेल्या वेदनेचं कारण चिमट्याने दाबल्या जाणाऱ्या बरगड्यांखालच्या नसा. दुर्बिणीतही भोकं बरगड्यांमधूनच पडतात, त्यामुळे थोडा त्रास होतोच, पण बरगड्या फाकवाव्या लागत नाहीत, हा मोठा फरक.

पालथं झोपवण्याबद्दल दोन शब्द, कारण नातेवाईक ते ऐकून हमखास घाबरतात. अन्ननलिका छातीत मागच्या बाजूला, मणक्याला लागून असते. पेशंट कुशीवर असेल तर वरचं फुप्फुस अन्ननलिकेवर येतं, ते बाजूला धरून ठेवावं लागतं आणि रक्ताचा थेंब नेमका कामाच्या जागी साचतो. पालथं झोपवलं की फुप्फुस स्वतःच्या वजनाने पुढे लोंबतं, रक्तही पुढे ओघळतं, आणि अन्ननलिका समोर उघडी पडते. कोइम्बतूरच्या डॉ. सी. पलानिवेलू यांनी अन्ननलिकेच्या कॅन्सरची अशी पालथ्या स्थितीतली १३० ऑपरेशनं २००६ मध्ये प्रसिद्ध केली आणि नंतर जगभर ही पद्धत रुजली. आपल्या देशातून बाहेर गेलेली गोष्ट आहे ही, मला तिचा अभिमान वाटतो.

आमच्या बाजूने काम असं: कुशीवरच्या पद्धतीत श्वासासाठी दोन वाटांची नळी घालून एक फुप्फुस बंद करतो, दुसऱ्यावर श्वास चालवतो. पालथ्या स्थितीत पुष्कळदा साधी नळी पुरते, छातीत अगदी हलक्या दाबाने कार्बन डायऑक्साइड सोडला की फुप्फुस पुरेसं मिटतं. डोळे, कपाळ, छाती, कमरेची हाडं, सगळीकडे उशा लावताना आम्ही अर्धा तास घालवतो. बाहेर थांबलेल्यांना वाटतं, एवढा वेळ का लागतोय. तो वेळ त्यांच्याच माणसासाठी असतो.

लेस्टरवासी | बुधवार, पहाटे ३.४०

मूळची कोल्हापूरची, आता इंग्लंडमध्ये. माझी २ सेंटीमीटरची आहे, जुन्या खोकल्यासाठी सीटी केला तेव्हा दिसली. खोकला वेगळ्याच कारणाचा निघाला. इथे तज्ज्ञांच्या बैठकीत ठरलं की सध्या काढायची नाही. एमआरआयने लक्ष ठेवतात, तीन वर्षांत मिलिमीटरचाही फरक नाही. मला हा निर्णय पटला आहे. काढणं हेच एकमेव शहाणपण असं धाग्यातून वाटू नये म्हणून लिहिलं.

एक प्रश्न: तोंडातूनच, एंडोस्कोपीने काढता येते का? इथे कुणीतरी तसं म्हणालं होतं.

दुर्बीण | बुधवार, सकाळी ७.१५

योग्य केलंत लिहिलंत. लक्ष ठेवणं हाही उपचारच आहे, फक्त तारीख चुकवायची नाही.

तोंडातून: जपानच्या डॉ. हारुहिरो इनोउए यांनी २००८ मध्ये अन्ननलिकेच्या अस्तराखाली बोगदा करून आतला स्नायू कापायचं तंत्र सुरू केलं, ते गिळण्याच्या एका वेगळ्या आजारासाठी. मग चीनमधल्या डॉक्टरांनी त्याच बोगद्यातून स्नायूतल्या छोट्या गाठी काढायला सुरुवात केली. आतल्या अंगाला असलेल्या लहान सिस्टवरही ते झालंय. पण सिस्टची भिंत पातळ, बोगदा अरुंद, ती फुटली तर अस्तराचा तुकडा मागे राहून पुन्हा गाठ व्हायची शक्यता. सिस्टचं तोंड आतून उघडून अन्ननलिकेत मोकळं सोडतात, तेही एक आहे, ऑपरेशन न झेपणाऱ्यांसाठी. ५ सेंटीमीटरच्या गाठीला मी छातीच्या दुर्बिणीचाच रस्ता धरेन.

ऑपरेशनमधल्या धोक्यांचंही बोलायला हवं, शेवंतीताईंनी एक सांगितलाच. आतलं अस्तर उघडलं आणि लक्षात आलं नाही तर गळती होते, आणि छातीतली गळती हा फार गंभीर प्रकार. म्हणून ऑपरेशन चालू असताना एंडोस्कोपी हवीच हवी. स्नायू परत शिवला नाही तर त्या जागी अस्तर बाहेर फुगून पुढे खिसा तयार होतो, पुन्हा घास अडकतो. व्हेगस नावाच्या नसा अन्ननलिकेला वेलीसारख्या लगटून जातात, त्या दुखावल्या तर पोट नीट रिकामं होत नाही. आणि कधी कधी गाठीची एक बाजू अस्तराला इतकी घट्ट असते की ओढून फाडण्यापेक्षा भिंतीचा तेवढा तुकडा मागे ठेवून फक्त त्याचं पाझरणारं आतलं अस्तर खरवडून काढणं जास्त शहाणपणाचं. कुणाच्या रिपोर्टात तसं लिहिलं असेल तर ऑपरेशन फसलं असं समजू नका.

रातराणी | बुधवार, दुपारी १.००

माझ्या भावाच्या गाठीतलं पाणी सुईने काढून तपासलं, त्यात सीए १९-९ नावाचा आकडा हजारांत आलाय. इंटरनेटवर बघितलं तर स्वादुपिंडाचा कॅन्सर लिहिलंय. आई जेवत नाहीये. प्लीज कुणीतरी सांगा.

दुर्बीण | बुधवार, दुपारी १.२०

रातराणी, आधी आईंना जेवायला बसवा. या जन्मजात गाठींच्या अस्तरातल्या पेशी हा पदार्थ स्वतःच तयार करतात आणि तो बंद पिशवीत साठत जातो. साध्या, निरुपद्रवी गाठींच्या पाण्यातही हा आकडा प्रचंड आल्याच्या नोंदी आहेत. नुसत्या या आकड्यावर कॅन्सर म्हणता येत नाही. पाण्यात कॅन्सरच्या पेशी दिसल्या का, स्कॅनवर गाठीच्या भिंतीला आतून घन उंचवटा आहे का, हे रिपोर्ट हातात घेऊन तुमच्या डॉक्टरांना विचारा. सुई झाली आहे, तेव्हा ताप, थंडी किंवा छातीत दुखणं सुरू झालं तर रात्र असली तरी थांबू नका, लगेच दवाखाना गाठा.

रातराणी | बुधवार, दुपारी ४.४५

पेशी नॉर्मल आहेत असंच लिहिलंय डॉक्टर, उंचवटाही नाही. ताप नाही. आई जेवली. तुमचे उपकार कसे फेडू कळत नाही.

आंबेमोहर | बुधवार, रात्री ९.३०

सह्यवारा आणि इतरांसाठी विम्याबद्दल लिहिते, माझी नोकरीच क्लेम तपासण्याची आहे. रिपोर्टात "जन्मजात" शब्द आला की कॅशलेस नाकारलं जाण्याचे प्रकार होतात. तिथे हार मानू नका. विम्याच्या व्याख्येत जन्मजात दोष दोन प्रकारचे आहेत. बाहेरून दिसणारा तो बाह्य, शरीराच्या आत असलेला तो अंतर्गत. विमा नियामकाने २०१९ मध्ये आरोग्य विम्यातल्या वगळणुकींचे नियम एकसारखे केले, त्यात अंतर्गत जन्मजात आजार पॉलिसीतून सरसकट वगळायला मनाई केली. अन्ननलिकेतली गाठ निर्विवाद अंतर्गत. तुमच्या पॉलिसीतला थांबण्याचा कालावधी, म्हणजे वेटिंग पिरियड, मात्र लागू होऊ शकतो, तो आधी वाचा.

डॉक्टरांकडून एक पत्र घ्या, त्यात "अंतर्गत जन्मजात" हे शब्द आणि त्रास कधीपासून सुरू झाला ती तारीख असू द्या. कंपनीच्या तक्रार कक्षाकडे लेखी द्या. तिथे दाद लागली नाही तर विमा लोकपाल. मुंबईत आणि पुण्यात कार्यालयं आहेत, तक्रारीला फी नाही, वकीलही लागत नाही.

शेवंती | बुधवार, रात्री १०.००

आंबेमोहर, हे आम्हाला तेव्हा माहीत असतं तर! आमचं कॅशलेस याच शब्दावरून नाकारलं होतं. सोसायटीचं कर्ज काढून बिल भरलं. उद्याच अर्ज लिहायला बसते. तुम्हाला मसुदा दाखवला तर चालेल का?

आंबेमोहर | बुधवार, रात्री १०.०४

चालेल काय, पाठवाच. नकाराचं पत्रही जोडा, तारखेसकट.

सह्यवारा | सव्वा महिन्यानंतर, शनिवार, सायंकाळी ६.१५

मंडळी, खबर द्यायला आलो. ईयूएस झालं. गाठ स्नायूच्या थरात, शुद्ध पाण्याची, अस्तर मोकळं. सुई लावली नाही. मी सर्जनना तुमच्या धाग्यातले तीनच प्रश्न विचारले: पोटातून निघेल का, ऑपरेशन चालू असताना एंडोस्कोपी असेल का, स्नायू परत शिवणार का. ते हसून म्हणाले, तयारी करून आलात. तिन्हींना हो म्हणाले. येत्या गुरुवारी लॅप्रोस्कोपीने आहे. विमा कंपनीचं मंजुरीपत्र आलं, पत्रात "अंतर्गत" शब्द घालून घेतला होता.

शेवंतीताई, सर्जननी फुप्फुसांच्या व्यायामाचं, फुंकायचं तीन गोळ्यांचं यंत्र आणायला सांगितलंय. ते नंतर वापरायचं की आधीपासून?

शेवंती | शनिवार, सायंकाळी ६.३१

दादा, आजपासूनच. आणि ते फुंकायचं नसतं, आत ओढायचं असतं, ह्यांनीही पहिले दोन दिवस उलटंच केलं होतं. ताठ बसा, हळू ओढा, गोळी वर टिकवून धरा. जागे असाल तेव्हा तासाला दहा वेळा. सोबत घरची एक छोटी उशी न्या. खोकला आला की ती पोटावर घट्ट दाबून धरून खोकायचं, टाके ओढत नाहीत. वहिनींना म्हणावं पेजेसाठी आंबेमोहर तांदूळ न्या, वासाने तरी दोन घास जास्त जातात. शुक्रवारी सकाळी मी फोन जवळ ठेवतेय.